मोठे टेबल की पुरेसे टेबल?

बेंगळुरूच्या निवासी वसाहतींत '३० बाय ४०' हे शब्द नवख्या माणसाच्याही कानावर पहिल्या आठवड्यातच पडतात. तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब, म्हणजे १,२०० चौरस फुटांचा भूखंड. त्यावर घर बांधताना आजूबाजूला सोडावयाची जागा, जिना आणि पाण्याची टाकी वजा जाता तळमजल्यावर मोटारीसाठी जो पोर्च उरतो, तोच घरातील एकमेव रिकामा चौकोन असतो. साहजिकच त्यावर सर्वांचा डोळा असतो. कोणाला तेथे कुंड्या हव्या असतात, कोणाला दुचाकी, कोणाला कपडे वाळविण्याची दोरी. आणि घरात हातांनी काही करण्याची आवड असणारा कोणी असेल, तर त्याला तेथे कामाचे टेबल हवे असते.

या टेबलाविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. बेंगळुरू हे मुळात हातांनी काम करणाऱ्यांचे शहर आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सची मुळे १९४० सालातील; त्यानंतर १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स येथे उभी राहिली. बेळगावहून निघालेल्या किर्लोस्कर घराण्यानेही १९४६ मध्ये विजेच्या यंत्रसामग्रीचा कारखाना याच शहरात काढला. या कारखान्यांच्या निमित्ताने देशाच्या नाना भागांतून माणसे आली, त्यांत मराठी माणसेही आली आणि येथेच स्थिरावली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना तर एका पिढीच्या अभिमानाचा विषय होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास संमती दिली. कारखाना थांबला, परंतु तेथे घडलेले हात थांबलेले नाहीत. निवृत्तीनंतर त्या हातांना जागा हवी आहे. दुसरीकडे, दिवसभर संगणकासमोर बसणारी त्यांची मुले-नातवंडे रविवारी करवत आणि रंधा हाती घेऊ पाहत आहेत. या दोन पिढ्या एकत्र येऊ शकतील अशी जागा पोर्चच आहे आणि टेबल चुकले तर ही भेट होत नाही.

बहुतेकांचा पहिला विचार असा की, टेबल जितके मोठे तितके बरे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. घरच्या पोर्चमधील टेबल हे सोयीचे ठरेल त्यातील लहानात लहान असावे, आणि त्याचे माप भिंतीकडे पाहून न ठरविता माणसाच्या शरीराकडे, होणाऱ्या कामाकडे आणि घरातील इतरांच्या वावराकडे पाहून ठरवावे.

प्रथम जागेचा हिशेब करू. बँकेशी संबंध असलेल्या वाचकांना हा हिशेब जवळचा वाटेल. सहा फूट लांब आणि दोन फूट खोल टेबल कागदावर १२ चौरस फूट जागा घेते. पण टेबलासमोर माणसाला उभे राहावयाचे असते, वाकावयाचे असते, हात मागे नेऊन करवत ओढावयाची असते. त्यासाठी समोर किमान तीन फूट मोकळी जागा हवी. म्हणजे आणखी १८ चौरस फूट. टेबलाची खरी जागा अशा रीतीने ३० चौरस फूट होते. ज्या घरासाठी आपण पंधरा-वीस वर्षे मासिक हप्ते भरतो, त्यातील ३० चौरस फूट कोणत्या कामी खर्च करावयाचे हा निर्णय लाकडाच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. टेबलाला लागणारे प्लायवूड एकदाच विकत घ्यावे लागते. जागेची किंमत मात्र दर महिन्याला मोजावी लागते.

आता हा हिशेब प्रत्यक्ष पोर्चला लावून पाहावा. समजा, पोर्च १० फूट रुंद आणि १९ फूट लांब आहे. चार मीटरच्या आतील मोटार म्हणजे सुमारे १३ फूट लांब आणि साधारण पावणेसहा फूट रुंद. बाजूच्या भिंतीलगत टेबल ठेवावे म्हटले, तर रुंदीत उरतात सव्वाचार फूट. त्यांतून चालकाचे दार उघडण्यास दोन फूट आणि पलीकडच्या भिंतीपासून अर्धा फूट अंतर वजा केल्यास पावणेदोन फूट उरतात. तेथे टेबल कसेबसे मावेल; त्यापुढे माणूस उभा राहणार नाही. याउलट मागच्या भिंतीचा विचार करा. १९ फुटांतून मोटारीचे १३ आणि फाटकापाशी सोडलेला एक फूट गेला की पाच फूट उरतात. दोन फूट टेबलाला, तीन फूट माणसाला. मागच्या भिंतीत घरात जाण्याचे दार असेल तर त्याला साडेतीन ते चार फूट द्यावेत. उरलेल्या सहा फुटांत टेबल बसते. मोटार उभी असतानाही काम चालू राहते आणि स्वयंपाकघरातून बाहेर येणाऱ्याला वळसा घालावा लागत नाही. ही मापे प्रत्येक घरात वेगळी निघतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील: मोटार उभी करून, तिची दारे उघडून, मगच टेबल मोजावयाचे.

सहा बाय दोनच का, अडीच फूट खोली का नको, असे कोणी विचारील. त्याला एक उत्तर बाजारात आहे. आपल्याकडे प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट मिळतो. त्यातून सहा बाय दोनचे दोन तुकडे निघतात. १८ मिलिमीटर जाडीचे हे दोन्ही तुकडे एकमेकांवर चिकटविले की ३६ मिलिमीटर जाडीचा, हातोडीचा घाव सहन करणारा पृष्ठभाग तयार होतो. उरलेला चार बाय दोनचा तुकडा खालच्या कप्प्याला उपयोगी पडतो आणि वाया काहीच जात नाही. खोली अडीच फूट केली की एका तक्त्यातून एकच तुकडा निघतो, दुसरा तक्ता घ्यावा लागतो आणि दीड फुटी पट्ट्या उरतात. अर्ध्या फुटाचा मोह जवळजवळ दुप्पट खर्चात पडतो. दुसरे उत्तर आपल्या हातांत आहे. टेबलाच्या कडेला उभे राहून मागच्या भिंतीवरील हत्यार न वाकता घेता यावे, तर दोन फूट खोलीच सोयीची. त्यापलीकडचा भाग कामाचा राहत नाही. तेथे खिळ्यांचे डबे, जुने बल्ब आणि 'कधीतरी लागेल' अशा वस्तूंची वस्ती होते.

आपल्या घरातच याचा एक पुरावा आहे, तो म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. चूल जमिनीवर होती तोवर स्वयंपाक बसून होत असे. ओटा आला आणि गृहिणी उभी राहिली. ओट्याची खोली बहुतेक घरांत दोन फुटांच्या आसपासच ठरली, कारण हात तेवढाच पोहोचतो. उंचीचा विचार मात्र फार घरांत झाला नाही. गवंड्याने नेहमीच्या मापाने ओटा बांधला आणि उंच बाईचे कंबरडे, बुटक्या बाईचे खांदे वर्षानुवर्षे दुखत राहिले. कामाच्या टेबलाची कथाही अशीच आहे. आपल्याकडचा परंपरागत सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून काम करीत आला. उभ्याने काम करण्याचे टेबल रेल्वेच्या कारखान्यांतून आणि तांत्रिक शाळांतून आपल्याकडे रुजले. ते आले तेव्हा त्याची उंचीही परकीच आली. परदेशी पुस्तकांतील आराखड्यांत ३४ ते ३६ इंच उंची पुष्कळदा आढळते. सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या आपल्याकडील माणसाने तीच उंची घेतली, तर रंधा मारताना शरीराचा भार कामावर न येता सगळा ताण खांद्यावर येतो.

उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. नेहमीची पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, हात मोकळा खाली सोडावा आणि तळहात जमिनीला समांतर वळवावा. जमिनीपासून तळहातापर्यंतचे अंतर ही रंधा, करवत आणि हातोडी यांच्या कामाची उंची. साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या बाबतीत ती साधारण ३२ इंच येते. कानस चालविण्याच्या कामाला मात्र शेगडा कोपराच्या उंचीवर लागतो, म्हणजे ४० इंचांच्या जवळपास. यासाठी दुसरे टेबल नको. शेगडा स्वतःच सहा ते आठ इंच उंच असतो. तो टेबलावर बसविला की कोपर आपोआप गाठले जाते. ओट्यावर शेगडी ठेवली की भांड्याची उंची वाढते, तसेच हे आहे. सूक्ष्म कामाची गोष्ट पुन्हा निराळी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे टेबल बसलेल्या माणसाच्या जवळजवळ छातीपर्यंत येते, कारण तेथे कोपरे टेकवून डोळा वस्तूजवळ न्यावयाचा असतो. ते टेबल किती लहान असते हेही ध्यानात घ्यावे. हातभर जागेवर माणसे आयुष्यभर उत्तम काम करीत आली आहेत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उद्या दार करावयाचे झाले, कपाट करावयाचे झाले, तर सहा फुटी टेबल पुरेल का? पुरणार नाही. पण असे काम वर्षातून कितीदा निघते? तेवढ्यापुरती मोटार बाहेर काढून दोन लाकडी घोड्यांवर दार आडवे टाकता येते आणि काम संपले की घोडे भिंतीला टेकवून ठेवता येतात. क्वचित लागणाऱ्या गरजेसाठी कायमची जागा अडविणे, हे लग्नाची पंगत बसावी म्हणून रोजचे जेवणघर शंभर पानांचे बांधण्यासारखे आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण कर्जाच्या संदर्भात नेहमी सांगतो. ती येथेही तितकीच लागू पडते.

दुसरा आक्षेप असा की, उद्योग वाढला तर? तो वाढावा ही सदिच्छाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे जागा अपुरी पडली, सोडावीही लागली, तेव्हा औंध संस्थानात कुंडल रोड येथे १९१० साली त्यांनी नवी वसाहत उभारली आणि ती किर्लोस्करवाडी झाली. काम वाढले म्हणून जागा बदलली. आधी प्रचंड जागा अडवून मग कामाची वाट पाहत ते बसले नाहीत. टेबल वाढविणे सोपे असते. वाढविलेले टेबल लहान करण्यास मात्र घरात कोणी धजत नाही.

लहान टेबलाची एक उणीव मान्य केली पाहिजे. ते हलके असते आणि रंध्याच्या जोराने सरकते. म्हणून ते मागच्या भिंतीला स्क्रूने घट्ट बांधावे आणि खालच्या कप्प्यात जड वस्तू ठेवाव्यात. सिमेंटचा पक्का चौथरा मात्र बांधू नये. मोटारीसाठी मंजूर झालेली जागा मोटारीसाठीच राहावी हा इमारत-नियमांचा दंडक आहे, आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना उखडून काढता येणारे टेबल हीच खरी मालमत्ता ठरते. ठिणग्या उडविणारे काम पेट्रोलच्या मोटारीशेजारी करू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगतो.

शेवटी एक विनंती. टेबल करावयास देण्यापूर्वी पोर्चच्या फरशीवर त्याचे माप खडूने आखावे, त्यापुढील तीन फूट जागाही आखावी आणि आठ दिवस ती आखणी तशीच राहू द्यावी. मोटार रोजच्यासारखी आत-बाहेर न्यावी. दूधवाला, दुचाकी, शाळेची दप्तरे, पावसात वाळत घातलेले कपडे, सर्व नेहमीप्रमाणे चालू द्यावे. आठवड्याअखेरीस घरातील प्रत्येकाला विचारावे की रेघ कोठे आड आली. जेथे आड आली तेथे रेघ मागे घ्यावी. सर्वांच्या संमतीने उरलेल्या त्या चौकोनात जे टेबल उभे राहील, त्यावर आजोबांची कानसही चालेल आणि नातवाची करवतही.