दसऱ्याला गाडी धुवा, पण कपड्यांची पावडर दूर ठेवा

सोलापूरकरांनो, दसरा आठवड्यावर आला आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापासून गल्लोगल्ली बादल्या निघतील. मोटारी, रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, ट्रॅक्टर, सगळ्यांना आंघोळ घातली जाईल. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. ज्या वाहनावर घर चालतं त्याची वर्षातून एकदा मनोभावे पूजा करणारी आपण माणसं आहोत. म्हणूनच ही विनंती आज करतो आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. त्या बादलीत काय टाकायचं ते आत्ताच ठरवा. कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, फरशीचं ॲसिड, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही गाडीला लावू नका.

आधी ॲसिडबद्दल, कारण त्यात गाडीच्या आधी माणूस जायबंदी होतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. काळ्या पाषाणातून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. ते काचेवर, पत्र्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात आणि साध्या साबणाला दाद देत नाहीत. मग कुणीतरी संडास-फरशी धुण्याचं ॲसिड सुचवतं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ठिपका जातो, पण त्याबरोबर ॲल्युमिनियमच्या अलॉय चाकांची चमकही जाते, चाकाचे नट-बोल्ट आणि ब्रेकच्या डिस्क गंजतात. उघड्या हातानं फडका पिळणाऱ्याच्या बोटांचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. त्यात बादलीत आधीची ब्लीचिंग पावडर राहिली असेल तर ॲसिडशी गाठ पडताच क्लोरीन वायू सुटतो. बंद पार्किंगमध्ये तो श्वासातून गेला तर जिवावर बेतू शकतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. तरीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेलं ॲसिड कितीतरी घरांच्या मोरीत आढळेल. सणाच्या गडबडीत, ऑक्टोबरच्या उन्हात तहानलेलं पोर ती बाटली तोंडाला लावू शकतं. ती बाटली आजच पोरांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा. अंगावर किंवा डोळ्यांत ॲसिड उडालंच तर हळद, तेल, टूथपेस्ट काही लावत बसू नका. पंधरा-वीस मिनिटं सलग वाहतं पाणी सोडा, कपडे उतरवा, १०८ ला फोन करा आणि सिव्हिल हॉस्पिटल गाठा. पोटात गेलं असेल तर ओकारी काढायला लावू नका.

रॉकेल-डिझेलचा फडका मारला की जुनी गाडी चकाकते, असं पुष्कळांना वाटतं. ती चकाकी तेलाची असते. तासाभरात तिच्यावर धूळ चिकटते आणि दारांच्या रबरी पट्ट्या हळूहळू फुगून सैल होतात. पण माझी खरी भीती दुसरीच आहे. गाडी पुसून झाली की त्याच बोनेटवर निरांजन येतं, उदबत्ती येते, कापूर पेटतो. उन्हानं तापलेला पत्रा, त्यावर रॉकेलचा थर, फडका तिथंच बाजूला टाकलेला आणि आरतीला घरातली सगळी मुलं भोवती उभी. हे चित्र कुणाच्याही दारात दिसू नये.

आता कपड्यांच्या पावडरीकडे येतो. सगळ्यात जास्त घरांत वापरली जाते ती हीच. ती चांगली आहे, ती ज्यासाठी बनवली त्या कामासाठी. कपड्यातला तेलकट मळ सोडवायचा म्हणून तिच्यात धुण्याचा सोडा घातलेला असतो, स्वस्त पावडरीत तर भरपूर. तिचं द्रावण चांगलंच क्षारीय असतं. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. ऊन, पाऊस, धूळ तोच झेलतो. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. त्यावर मेण किंवा पॉलिश चढवलेलं असेल तर सोड्याचं पाणी ते पहिल्या काही धुण्यांतच उतरवतं. मग थर उघडा पडतो, आणि सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो ते कुणी कुणाला सांगावं? एकदा पावडर लागली म्हणून गाडी वाया जात नाही, उगाच घाबरवत नाही. दर रविवारी तेच चाललं की काही वर्षांत छप्पर आणि बोनेट निस्तेज होतात. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा लागला की ते काळवंडतं, हे घरातल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. अलॉय चाक त्याच धातूचं असतं.

भांड्यांची वडी तर याहून वाईट. करपलेलं पातेलं घासता यावं म्हणून तिच्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते. ती फडक्यावर घेऊन गाडी घासणं म्हणजे बारीक सॅन्डपेपर फिरवणंच. सकाळच्या तिरप्या उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा असेच आलेले असतात. भांड्यांचा पातळ साबण त्या मानानं सौम्य आहे. पण ताटावरचं तूप काढणारा साबण गाडीवरचं मेणही काढणारच. घरात दुसरं काहीच नसेल तर एखाद वेळी थेंबभर चालेल, पण सवय नको.

मग सुरक्षित साबण ओळखायचा कसा? बाटलीवर ‘कार शाम्पू’ आणि ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेलं आहे का पाहा. पीएच सातच्या आसपास म्हणजे आम्लही नाही, क्षारही नाही. पण छापलेल्या शब्दावर भागू नये म्हणून घरच्या घरी एक परीक्षा घ्या. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. जो साबण गाडीला लावायचा आहे तो गाडीसाठी मिसळाल तेवढ्याच प्रमाणात पाण्यात मिसळा आणि दोन थेंब त्या कापडावर टाका. डाग लालसर झाला तर तो साबण क्षारीय आहे, गाडीजवळ नेऊ नका. पिवळा राहिला तर त्या बाजूनं भीती नाही. वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावताच तो लाल होतो, ते याच कारणानं. आपल्याच जिल्ह्यातलं करमाळा तालुक्यातलं केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. पारंपरिक पद्धतीत पिवळ्या हळदीचं लाल कुंकू होतं ते क्षाराच्याच करणीनं. नववी-दहावीच्या मुलांना हा प्रयोग करायला लावा, त्यांच्या पुस्तकात हळदीचा दर्शक आहेच. एक मात्र ध्यानात ठेवा: ॲसिडनं हळदीचा रंग बदलत नाही, त्यामुळे आम्ल पकडायला ही परीक्षा उपयोगाची नाही. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतला निळा लिटमस कागद लागेल.

‘नैसर्गिक’ या शब्दालाही भुलू नका. रिठ्याचं पाणी रेशमी साडीला उत्तम, आणि गाडीलाही त्यानं फारसा अपाय होणार नाही. पण रिठ्यातला फेसाळ अंश माशांना विषारी असतो. रिठा झाडावरून आला म्हणून तो तळ्यात सोडायला मोकळीक मिळत नाही.

तळ्यावरून पाण्याच्या गोष्टीकडे येतो, आणि इथं थोडं थांबतो. आपलं शहर कित्येक वर्षं नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड घेत आलं आहे. ते येतं उजनीतून, भीमेवरच्या टाकळीतून आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या हिप्परग्याच्या तलावातून. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्या धरणात वरून काय येतं हेही पाहिलं पाहिजे. कार्तिकी एकादशीच्या सुमारास आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारे पांढऱ्या फेसाचे थर आपण सगळ्यांनी छायाचित्रांतून पाहिले आहेत. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुढे मुळा-मुठा मिळते, आणि ते सगळं उजनीत येतं. तिथून सोडलेलं पाणी पंढरपूरच्या चंद्रभागेतून खाली आपल्याकडे. तो फेस मुख्यतः कारखान्यांच्या आणि शहरांच्या प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याचा आहे. गाड्यांच्या साबणाचा त्यातला वाटा लहान, हे मान्य. पण पुणे-पिंपरीकडे बोट दाखवताना आपल्या दारातली मोरी कुठं जाते?

ती उघड्या गटारात जाते, गटारातून नाल्यात, नाल्यातून सीनेकडे. सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. जिथं शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख सापडला, तोच हा संगम. पुढे हेच पाणी विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या गावांना जातं. गटारात गेलेला साबण अदृश्य होत नाही. आजच्या बहुतेक डिटर्जंटमधला फेस आणणारा घटक हवा खेळत्या पाण्यात जिवाणू तोडून टाकतात. १९५० च्या दशकातली डिटर्जंटं तशी नव्हती. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचले, तेव्हा १९६० च्या दशकात कायदे करून, दबाव आणून घटक बदलावे लागले. पण साचलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या नाल्यात हवाच नसते. तिथं हे काम रखडतं आणि तोवर माशांच्या कल्ल्यांना इजा होते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात असल्या डिटर्जंटची इष्ट मर्यादा एका लिटरला ०.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. चिमूटभर साबण किती पाण्याला पुरतो, ते यावरून समजावं.

म्हणून ट्रॅक्टर, टेम्पो, जीप नदी-ओढ्यात उतरवून धुण्याची रीत यंदा मोडा. सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव, हिप्परगा यांच्या काठावर तर साबणाचा थेंबही नको. गाडी घरासमोरच्या कच्च्या मातीवर किंवा मुरमावर उभी करा, विहिरीपासून, बोअरपासून दूर. मातीतले जिवाणू सौम्य शाम्पूचं पाणी पचवतात. तुळशीच्या आळ्यात मात्र ओतू नका.

पाइप सोडू नका. अर्धा तास पाइप चालू राहिला तर तीन-चारशे लिटर पाणी सहज जातं. काम तीन-चार बादल्यांत होतं. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा सावलीत, पत्रा थंड असताना सुरुवात करा. काळ्या मातीची धूळ, उसाच्या हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी, सिमेंटची पूड, आपल्याकडे गाडीवर बसतं ते हे असं खरखरीत. कोरड्या फडक्यानं ते पुसाल तर ओरखडे तुम्हीच काढाल. आधी तांब्या-तांब्यानं साधं पाणी ओतून ते वाहू द्या. मग एका बादलीत टोपणभर शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडका शाम्पूत बुडवायचा, छपरापासून खाली यायचं, आणि दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. चाकांचा फडका वेगळा, आणि चाकं शेवटी. तिसऱ्या बादलीनं साबण उतरवायचा आणि पाणी वाळायच्या आत टिपून घ्यायचं, म्हणजे पांढरे ठिपके पडणारच नाहीत आणि ॲसिडची आठवणही होणार नाही. टिपायला टेरी टॉवेल आपल्या शहरात कमी नाहीत. मऊ आणि लांब लूपचा घ्या, उन्हात वाळून कडक झालेला नको. धुणं झाल्यावर गाडी थोडी पुढेमागे घेऊन ब्रेक दोन-तीनदा हलके दाबा, मगच रस्त्यावर काढा. ओले ब्रेक पहिल्या दाबाला नीट लागत नाहीत, आणि दुचाकीवर मागे बहुधा कुणीतरी बसलेलं असतं.

पूजेच्या वेळी स्वस्तिक रंगावर न काढता पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात काढा. ओलं हळद-कुंकू पांढऱ्या रंगावर दिवसभर उन्हात राहिलं की डाग धरतं, काचेवर धरत नाही.

अपार्टमेंटमधल्या गाडीमालकांना वेगळं सांगायचं आहे. तुमची गाडी रोज पहाटे दुसरंच कुणीतरी पुसतं. वॉचमनदादा असतील, त्यांची बायको असेल, शिकणारा एखादा मुलगा असेल. महिन्याच्या पैशांत साबण त्यांनीच आणायचा, असा बहुतेक ठिकाणी रिवाज आहे. साहजिकच ते सगळ्यात स्वस्त पावडर आणतात आणि वीस गाड्या त्याच पाण्यात हात घालून पुसतात. त्या हातांच्या भेगा एकदा पाहा. चांगला शाम्पू आणि रबरी हातमोज्यांची जोडी तुम्ही आणून द्या, दिवाळीच्या बक्षिसातून न कापता.

किराणा दुकानदारांना, गाड्यांचं सामान विकणाऱ्यांना विनंती आहे: या आठ दिवसांत गाडीसाठी म्हणून कुणी सुटं ॲसिड मागितलं तर देऊ नका. कार शाम्पूची लहान पाकिटं मागवून पुढं ठेवा. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि नवरात्र मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे: पावडर नको, वडी नको, ॲसिड नको, रॉकेल नको, एवढी एक ओळ फळ्यावर लिहा आणि खाली हळदीची परीक्षा. पूर्व भागात ती तेलुगूतही लिहा. कन्नड आणि उर्दूतही लिहा. सप्तमीच्या संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक पार्किंगमध्ये, प्रत्येक रिक्षा स्टॉपवर लागलेली असली पाहिजे.