सर्किट बोर्डांची नोंदवही

ज्या वस्तूची नोंद होते तिला समाजात ओळख मिळते. जिची नोंद होत नाही ती कितीही उपयुक्त असली तरी कर्त्याच्या मागे फार काळ टिकत नाही. पांढुर्णा आणि सौंसर परिसरातील शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. शेत कोणाचे, क्षेत्र किती, त्यात पीक कोणते, हे सारे खसऱ्यावरून कळते. परंतु त्याच शेतातील विहिरीवर, मोटरीच्या पेटीत, तळहाताएवढा जो सर्किट बोर्ड बसविलेला असतो तो कोणी केला, केव्हा केला, त्यात कोणते भाग घातले, याची नोंद मात्र कोठेही सापडत नाही. ही उणीव भरून काढली पाहिजे, आणि ते काम शाळांनी हाती घेतले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्किट बोर्ड म्हणजे तांब्याचा पातळ थर दिलेली एक पाटी. नको असलेले तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवून काढले की उरलेल्या रेषाच तारांचे काम करतात. त्यांवर निरनिराळे भाग बसवून डाग दिला की मंडल पूर्ण होते. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने असे छापील मंडल वापरून रेडिओ तयार केला, आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली. आज कारखान्यांतून असे बोर्ड लक्षावधींनी निघतात. आमचा विषय मात्र ते नव्हेत. एखादा कारागीर किंवा विद्यार्थी विशिष्ट गरजेसाठी स्वतः आखून जे एक, दोन किंवा दहा बोर्ड करतो, त्यांचा हा विचार आहे.

असा बोर्ड क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्यावर काय अवलंबून असते ते पाहावे. विहिरीवरील मोटर तीन फेजच्या विजेवर चालते. त्यांतील एक फेज गेली तर उरलेल्या दोहोंवर भार वाढतो, वेटोळी तापतात आणि मोटर जळते. ती वेळीच बंद करणे हे त्या लहानशा बोर्डाचे काम. संत्र्याच्या बागेस भर उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही तर फळ गळते, आणि ताण फार वाढला तर अनेक वर्षे वाढविलेले झाडही हातचे जाते. अशा वेळी बोर्ड बिघडला आणि त्याची आकृती कोणाजवळच नसली तर दुरुस्ती करणाराही हतबल होतो. काही कारागीर तर नक्कल होऊ नये म्हणून चिपवरील क्रमांकच पॉलिश पेपरने घासून टाकतात. त्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण परिणाम असा होतो, की कारागीर गाव सोडून गेला अथवा वारला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. पंचवीस रुपयांच्या एका भागापायी सबंध बोर्ड कचऱ्यात जातो, आणि शेतकऱ्यास नव्यासाठी नागपूरची वाट धरावी लागते.

कोणी म्हणेल, कर्त्याच्या रक्षणासाठी कायदे आहेत ना! होय, आहेत. आपल्या देशात अर्धवाहक चिपच्या अंतर्रचनेची नोंदणी करण्यासाठी २००० साली स्वतंत्र कायदा झाला, आणि नोंदलेल्या रचनेस त्यात दहा वर्षांचे संरक्षण आहे. परंतु तो चिपच्या आतील रचनेपुरता आहे. चिप ज्यावर बसवितात त्या पाटीची आखणी त्याच्या कक्षेत येत नाही. पेटंट वीस वर्षांचे मिळते. तथापि ते नव्या शोधाला मिळते, आणि त्याचा खर्च व खटाटोप लहान कारागिराच्या आवाक्याबाहेरचा असतो. शिवाय आमचा हेतू निराळा आहे. मालकीचे कुंपण घालावे म्हणून ही नोंद नको; कर्ता कोण हे कळावे आणि केलेले काम पुढच्याच्या उपयोगी पडावे, म्हणून ती हवी.

जगात असे प्रयत्न झाले आहेत. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेतील अभियंत्यांनी २००९ साली आपल्या उपकरणांच्या आकृत्या सर्वांस पाहता येतील असे भांडार इंटरनेटवर उघडले. अमेरिकेतील मुक्त यंत्रसामग्रीच्या पुरस्कर्त्या संघटनेने २०१६ पासून नोंदणी सुरू केली असून तेथे नोंदलेल्या प्रत्येक वस्तूस देशाच्या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. ही कामे स्तुत्य आहेत. परंतु ती इंग्रजीत चालतात. पांढुर्ण्याच्या एखाद्या वळणावर छोटे दुकान मांडून बसलेल्या मिस्त्रीपर्यंत ती पोहोचत नाहीत. त्याच्यासाठी नोंदवही त्याच्या भाषेत, म्हणजे मराठीत व हिंदीत, असली पाहिजे.

तिचे स्वरूप कसे असावे? प्रारंभी साधी कागदी वही पुरे. प्रत्येक बोर्डास एक क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक आखणी करतानाच तांब्याच्या रेषांत घालावा, म्हणजे तो पुसला जाणार नाही. क्रमांकापुढे नाव, कर्ता, वर्ष, उपयोग, किती व्होल्टवर चालतो, भागांची यादी आणि आकृती इतके लिहावे. हीच वही पुढे संगणकावर चढवून इंटरनेटवर ठेवता येईल. तेथे बोर्डांचा एक तक्ता, कर्त्यांचा दुसरा आणि भागांचा तिसरा असे तक्ते करून ते क्रमांकांनी जोडावेत. मग एखादा भाग बाजारातून नाहीसा झाला तर तो कोणकोणत्या बोर्डांत आहे हे क्षणात शोधता येईल. संगणक येथे लेखनिकाचे काम करतो. पण लेखनिकास काय लिहावयाचे ते नीट सांगणारा माणूस आधी हवा.

नियम मात्र कडक असावेत. दिलेला क्रमांक दुसऱ्यास कधीही देऊ नये. बोर्डात बदल केला तर नवी आवृत्ती नोंदवावी. जुनी खोडू नये. जो बोर्ड चालला नाही त्याचीही नोंद व्हावी, कारण का चालला नाही हे कळले तर दुसऱ्याचे श्रम वाचतात. आकृती उघड करावी की केवळ नाव नोंदवावे, हे ठरविण्याचा अधिकार कर्त्याचा असावा. घरचा पत्ता किंवा फोन नंबर जाहीर करू नये. सर्व माहितीची एक प्रत पांढुर्ण्यास व एक सौंसरला राहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोंद झाली याचा अर्थ बोर्ड सुरक्षित आहे असा कोणीही घेऊ नये. ते तपासणे हे निराळे शास्त्र आहे; घरच्या विजेच्या दाबावर चालणाऱ्या बोर्डास विद्यार्थ्यांनी जाणत्याच्या देखरेखीवाचून हातही लावू नये.

एक आक्षेप उरतो. शाळेतील मुलांच्या खेळण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोपक्रम योजनेखाली देशात दहा हजारांहून अधिक शालेय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. त्यांत मुले जे करतात ते प्रदर्शनात एक दिवस झळकते आणि मग कपाटात धूळ खात पडते. पुढच्या वर्षीची मुले पुन्हा पहिल्यापासून तेच करतात. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे. पण त्यासाठी तळ्याला बांध हवा. नोंदवही हा तो बांध होय.

आमची मातृभाषा कोंकणी असल्यामुळे नोंदीचे मोल आम्हांस थोडे अधिक ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी ही भाषा १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. भाषा त्या यादीमुळे जन्मली नाही. परंतु यादीत नाव आल्यावर तिच्यासाठी पुष्कळ दारे उघडली. या भागातील मराठी माणसासही हे परके वाटू नये. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे पलीकडे गेले, आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची ओळख संत्र्यांनी आणि गोटमारीने तर होतेच. ती येथील हातांच्या कसबानेही व्हावी, असे आम्हांस वाटते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या सुटीत एक वही घ्या. आपल्या वर्गात झालेले बोर्ड आधी लिहा. नंतर पालकांना बरोबर घेऊन गावातील कारागिराकडे जा, त्याची परवानगी मागा, आणि तो सांगेल ते आदराने टिपून घ्या. त्याने आजवर शेकडो पंप चालते ठेवले असतील. पण त्याचे नाव कोणी लिहिलेले नसेल. ते पहिल्या पानावर तुमच्या हस्ताक्षरात येऊ द्या.