डिपॉझिट म्हणजे भाडं नव्हे, ती ठेव आहे!



आजची पोस्ट जरा लांब आहे आणि ती वाचून माझे काही घरमालक मित्र नाराज होणार आहेत. होऊ द्या. विषय आहे खोलीच्या डिपॉझिटचा. खोली रिकामी केली, चावी दिली, लाईटबिल भरलं. आणि डिपॉझिट? "पुढच्या महिन्यात बघू."

हा पुढचा महिना आपल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, अंबाडी पट्ट्यात किती लांबतो, ते भाड्याने राहिलेल्या कुणालाही विचारा. आपल्याकडे भाड्याने राहतं कोण? मानकोली, काल्हेरच्या गोदामांत जाणारी पोरं, लॉजवर काम करणारे, शाळेत बदलून आलेल्या मॅडम, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. ३०-४० हजार रुपये ही त्यांची दोन-तीन महिन्यांची बचत असते, कुणी तर बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून आणलेली असते. आणि ती परत मागताना त्यांनाच उपकार मागितल्यासारखं तोंड करावं लागतं.

कारणं ठरलेली. भिंतीला खिळे मारले, रंग काढावा लागेल. नळ गळतो. नवीन भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो. हे शेवटचं कारण नीट ऐका. याचा सरळ अर्थ, तुमचे पैसे मालकाने खर्च करून टाकलेत. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, असं हे चाललंय.

भाडं मालकाचं उत्पन्न आहे, त्याबद्दल वाद नाही. पण डिपॉझिट त्याचं नाही. ती दुसऱ्याची ठेव आहे, सांभाळायला दिलेली. तिच्यातून पोरीचं लग्न करायचं नसतं आणि स्लॅबही टाकायचा नसतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम २४ मालकासाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि भाडेकरू हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. वर मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई. चांगलं आहे. घर अडवून बसणाऱ्याला असंच पाहिजे.

पण उलट झालं तर? घर वेळेवर मिळालं आणि मालकाने डिपॉझिट अडवलं तर? त्याला ना वेगळा प्राधिकारी, ना ३० दिवस, ना दुप्पट काही. पोलीस ठाण्यात गेलात तर सांगतात, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. कोर्टात जायचं म्हणजे वकील, कोर्ट फी, भिवंडीच्या तारखा आणि प्रत्येक तारखेला बुडालेली हजेरी. ३० हजारांसाठी एवढं कोण करणार? हे मालकालाही पक्कं माहीत असतं. म्हणून तर तो "पुढच्या महिन्यात" म्हणतो.

घर अडवलं तर दुप्पट, पैसे अडवले तर शून्य. हा कुठला न्याय?

अजून एक गंमत बघा. करारावर मुद्रांक शुल्क काढताना सरकार काय करतं? परत करायच्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के व्याज धरतं, ते एकूण भाड्यात मिळवतं आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क घेतं. म्हणजे या पैशावर व्याज निघतं हे सरकारलाही मान्य आहे, स्वतःच्या शुल्कापुरतं. ज्याचा पैसा आहे त्याला मात्र व्याज सोडा, मुद्दलासाठी उंबरे झिजवावे लागतात.

"पण आम्ही नोटरी केलीय की!" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचा असला तरी. नोंदवला नाही तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम मालकाचं. मालक मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खर्चाचं म्हणाल तर ५ हजार भाडं आणि ४० हजार डिपॉझिटच्या ११ महिन्यांच्या करारावर शुल्क २०० रुपयांच्या आतबाहेर बसतं. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये. ऑनलाइनची हाताळणी फी आणि एजंटचा मेहनताना वेगळा, पण काम घरबसल्या होतं. तिकडे ५०० चा स्टॅम्प पेपर आणून वर नोटरीचे पैसे देतोच ना आपण? मग चार पैसे वाचवून मिळवलं काय?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. तो डोळे झाकून पुढे ढकलू नका. जून २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे आणि ताबा घेतानाच, वाजवी कपात करून, डिपॉझिट परत करायचं असंही आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे अजून १९९९ चाच कायदा चालतो.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. दोन महिन्यांचं भाडं थकवून रातोरात टेम्पो भरणारे आहेत. बेसिन फोडून जाणारे आहेत. त्यांच्याकडून कापून घ्या, जरूर घ्या. पण कशाचे किती, ते लिहून आणि बिल दाखवून. दोन-तीन वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच. ती रंगवणं हा तुमच्या धंद्याचा खर्च आहे, भाडेकरूचा गुन्हा नाही.

भाडेकरूंना चार गोष्टी सांगतो.

१. डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि रक्कम करारात लिहून घ्या.
२. राहायला जाताना आणि सोडताना खोलीचे, मीटरचे फोटो काढा. चावी दिल्याची पोच घ्या.
३. पैसे अडले तर तोंडी विनवण्या बंद. लेखी मागणी करा, पोच ठेवा. वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. "पुढच्या महिन्यात" करता करता ती निघून जाते.
४. भिवंडी कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायची मागणी करता येते. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच असते. हेल्पलाईन १५१००.

आणि आपल्या आमदार-खासदारांना एकच मागणी. कलम २४ च्या शेजारी अजून एक कलम घाला. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट परत, नाहीतर त्याच सक्षम प्राधिकाऱ्यापुढे सुनावणी आणि रक्कम दुप्पट. मालकाला जो न्याय, तोच भाडेकरूला. मतं मागायला भाड्याच्या खोल्यांतही येता ना? मग हा प्रश्न विधानसभेत मांडा.

ग्रामपंचायतीनेही एवढं करावं. नोंदणी कशी करायची, त्याचा एक फलक ऑफिसबाहेर लावावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या म्हणून मालकांना सांगितलं जातं, मग करार नोंदवा म्हणून कोण सांगणार?

तुमचं डिपॉझिट अडकलंय? कमेंटमध्ये लिहा, नाव नको असेल तर इनबॉक्स करा. आणि वेळच्या वेळी पैसे परत करणारे मालकही आपल्याकडे आहेत, त्यांच्याबद्दलही लिहा. शेअर करा, विशेषतः तुमच्या घरमालकाला.