आवडतं आणि वाजतं यात फरक आहे, राव!

2024 मधल्या माझ्या आवडत्या अल्बमची यादी मी उशिरा लिहितोय. आळस आहेच, नाकारत नाही. पण यावेळी उशीर मुद्दाम केलाय. डिसेंबर लागला रे लागला की याद्यांचं जे पेव फुटतं ना, त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे. आज ते जाहीर भांडून घेतो.

पहिला प्रकार म्हणजे ॲपने काढून दिलेली यादी. डिसेंबर 2024 च्या पहिल्याच आठवड्यात माझ्या ॲपने रंगीबेरंगी चित्रं नाचवत जाहीर केलं की यंदाचा माझा लाडका कलाकार म्हणजे... पावसाचा आवाज! कोड लिहिताना शेजारची बडबड ऐकू येऊ नये म्हणून मी हेडफोनमध्ये लावून ठेवतो, तो. अरे, मग ऑफिसचा एसी तर मी त्याहून जास्त ऐकलाय. त्यालाही द्या एक बक्षीस!

आता तुम्ही म्हणाल, आकडे खोटं बोलत नाहीत. मान्य. पण आकडा कशाचा आहे ते बघाल की नाही? स्ट्रीमिंगमध्ये साधारण 30 सेकंद वाजलं की एक 'प्ले' धरतात. ऐकणारा झोपलाय, भांडी घासतोय की डोळे पुसतोय, याला कुठलाच कॉलम नाही. कोडच्या ओळी मोजून चांगला इंजिनिअर कोण ते ठरवणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये बसून शिव्या घालतो. आणि घरी येऊन तोच हिशेब स्वतःच्या आवडीला लावतो, वर स्टेटसला टाकून मिरवतो!

दुसरा प्रकार हाताने केलेल्या यादीचा. इथे मला एक कबुली द्यायचीये. कॉलेजात असताना मी अशा याद्यांमध्ये अर्धेच ऐकलेले अल्बम बिनदिक्कत घुसडायचो. नाव जितकं अवघड, तितका भाव जास्त. ॲप निदान असा भाव तरी खात नाही, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

पण दोन्ही याद्यांची खरी खोट एकच आहे. घाई. डिसेंबरच्या सुरुवातीला यादी हातात द्यायची तर मोजणी त्याआधीच थांबवावी लागते. म्हणजे वर्ष संपायच्या आत वर्षाचा निकाल!

2024 मध्ये काय झालं बघा. 15 डिसेंबर, रविवार. रात्री उस्ताद झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, मग घरच्यांनी ती नाकारली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरी ठरली. बाबांचा फोन आला. आमचे बाबा एरवी फोनवर गॅस सिलिंडर आणि माझं लग्न या दोनच विषयांवर बोलतात. त्या दिवशी म्हणाले, "झाकीर गेला रे." आणि गप्पच बसले. मलाही काही सुचेना.

पुढचे दोन आठवडे मी एकच अल्बम ऐकला, 'ॲज वी स्पीक'. झाकीरभाईंचा तबला, राकेश चौरसियांची बासरी, बेला फ्लेकचा बँजो आणि एडगर मायरचा डबल बास. सुट्टीत घरी गेल्यावर बाबांनाही ऐकवला. "हे मेंडोलिन आहे का?" एवढंच त्यांनी बँजो ऐकून विचारलं. नंतर शेवटपर्यंत एक शब्द नाही.

अल्बम 2023 चा. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा मी बातमी लाइक केली, अल्बम 'नंतर ऐकू' मध्ये टाकला आणि पुढे सरकलो. तो 'नंतर' उजाडला तेव्हा वाजवणारा माणूस राहिला नव्हता. ही गोष्ट मला अजून बोचते. आणि ती कुठल्याच यादीत नाही. ॲपची मोजणी आधीच संपलेली, आणि समीक्षकांसाठी अल्बम गेल्या वर्षीचा!

म्हणून आता माझा नियम असा की वर्ष संपलं की निदान एक पावसाळा जाऊ द्यायचा. त्यानंतरही जे आपणहून लावावंसं वाटतं, ते आवडतं. त्या चाळणीतून 2024 चे तीन अल्बम उरले.

द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. 16 वर्षांनी आलेला अल्बम, फक्त 8 गाणी. पहिल्या 'अलोन' मध्ये रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो तेव्हा तीन मिनिटं उलटून गेलेली असतात. तेवढ्यात दुसऱ्या कोणाचे सहा 'प्ले' झाले असते! भाऊ गेल्यावर लिहिलेलं 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' मात्र चारचौघांत ऐकू नका.

अरूज आफताबचा 'नाइट रेन'. मूळची पाकिस्तानची, राहते न्यूयॉर्कला, आणि यातल्या 'ना गुल' चे शब्द हैदराबादच्या माह लका बाई चंदा यांचे. बाई 1824 मध्ये गेल्या. 200 वर्षं थांबलेल्या शब्दांपुढे आपला एक पावसाळा म्हणजे किस झाड की पत्ती.

बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'. एकही गाणं आधी न सोडता 10 गाणी एकदम दिली. लोकांनी पूर्ण ऐकावं म्हणून. आपण काय केलं? 'बर्ड्स ऑफ अ फेदर' चा तुकडा कापून रीलखाली चिकटवला. सलग ऐका, पाऊण तासही लागत नाही.

आणि या तिघांच्याही वर, नियम मोडून, 'ॲज वी स्पीक'. यादी माझी आहे, भांडायचं तर या.

असो. तुमच्या ॲपमध्येही एक 'नंतर ऐकू' असेलच. आज सुट्टी आहे. ते उघडा, आणि जे वाजवणारी माणसं अजून आहेत, ते आधी लावा.