हांगारच्या दफनभूमीतला मुंबईकर

दिवाळी अंकाचे काम ऐन रंगात येते ते पितृपक्षात, हा आमच्या धंद्यातला जुनाच विसंवाद आहे. आणि त्या पंधरवड्यातील चतुर्दशी ही शस्त्राघाताने गेलेल्यांच्या श्राद्धासाठी धर्मशास्त्राने राखून ठेवलेली असल्यामुळे, यंदा अंकाचे पहिले पान शुभेच्छांऐवजी अशाच एका मुंबईकर तरुणाच्या स्मृतीला देण्याचे धार्ष्ट्य आम्ही करीत आहो. त्याचे नाव लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर.

पहिल्या महायुद्धातील हवाई लढायांच्या संदर्भात ज्या चौघा हिंदी तरुणांची नावे आवर्जून घेतली जातात, त्यांपैकी कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय १३ दिवसांत १० हवाई विजय मिळवून वयाच्या १९व्या वर्षी कामास आला आणि कीर्तिरूपाने उरला. सरदार हरदितसिंग मलिक पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. एरोल सेन जर्मनांच्या कैदेत पडला. चौथा आमचा वेलिणकर. त्याच्या वाट्याला ना विक्रम आला ना वार्धक्य, आणि म्हणूनच की काय, त्याच्या शहराने त्याला दप्तरात बांधून ठेवले ते ठेवलेच.

त्या काळी हिंदी माणसाने पलटणीत कितीही पराक्रम गाजवला तरी सुभेदारीच्या पलीकडे त्याची मजल सहसा जात नसे. गोऱ्या सैनिकांवर हुकूम चालवण्याची बादशाही सनद त्याला वर्ज्य होती, आणि फौजेत माणसे हवी असतील तर आधी ही सनद द्या, असा लोकमान्यांचा रोकडा सवाल होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलात लॉर्ड विलिंग्डन यांनी भरवलेल्या युद्धपरिषदेत टिळकांना बोलताना मध्येच अडवण्यात आले आणि ते सभा सोडून निघून गेले. नेमक्या त्याच दिवसांत, ती दुर्मीळ सनद मिळवलेला याच शहराचा एक मुलगा फ्रान्सच्या आकाशात गस्त घालीत होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर कोण बरोबर आणि कोण चूक, असा निवाडा करण्याची आम्हांस तरी छाती होत नाही.

त्याच्या २३व्या तुकडीकडे सॉपविथ डॉल्फिन जातीची विमाने होती. या विमानाचा वरचा पंख खालच्याहून मागे सरकवलेला असे व वैमानिकाचे डोके त्या पंखामधल्या उघड्या चौकटीतून बाहेर आलेले. त्यामुळे वरचे आणि पुढचे आकाश त्याला स्वच्छ दिसे खरे, पण उतरताना विमान उलटलेच तर सारा भार मानेवर यावयाचा. पॅराशूट बलूनमध्ये बसून टेहळणी करणाऱ्यांना मिळे. विमानातल्या ब्रिटिश वैमानिकाला ते देत नसत. जूनच्या अखेरीस गस्तीवर गेलेला वेलिणकर परतला नाही, आणि ३० जून १९१८ रोजी जखमांनी त्याचा अंत झाला.

त्याच महिन्यात मुंबईच्या गोदीतून इन्फ्लुएन्झाची साथ शहरात शिरली होती. त्या वर्षीची दिवाळी आली ती तिच्या दुसऱ्या, अधिक भीषण लाटेच्या मागोमाग. आणि ११ नोव्हेंबरचा युद्धविराम झाला तो लक्ष्मीपूजनानंतर आठवड्याभराने. ज्या शहरात घरोघर सुतक होते, तेथे दूरदेशी गेलेल्या एका वैमानिकाचा शोक वेगळा कोणी करावा?

फ्रान्समध्ये आमियाँच्या आग्नेयेस हांगार नावाचे खेडे आहे; तेथील युद्ध-दफनभूमीत त्याची शिळा उभी आहे. अशा शिळांवर कोरण्यासाठी आप्तांना ६६ अक्षरांची मर्यादा असे, तीही शब्दांमधली मोकळी जागा जमेस धरून. वेलिणकरच्या शिळेवर, साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकी एकाच्या स्मृतीस, अशा आशयाचा लेख आहे. ते साम्राज्य आता इतिहासजमा झाले आणि त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे आम्हांस काही कारण नाही. परंतु त्या शिळेवरचा 'साम्राज्य' हा शब्द आम्हांस खटकतो म्हणून 'पुत्र' हा शब्दही परका मानावा, हे न्यायाचे नव्हे. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या यादीत तो बसत नाही, तसाच सरकारी कृपेच्या उमेदवारांतही बसत नाही. आणि ज्याला आमच्या कोणत्याच खतावणीत खाते नाही, त्याची नोंद कोठे करावी हे न सुचल्याने आम्ही ती केलीच नाही, एवढाच या विस्मरणाचा अर्थ दिसतो.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, त्या युद्धावर गेलेल्या आप्तांची पत्रे, तारा वा छायाचित्रे असतील, तर ती वाळवीच्या हवाली न करता आमच्याकडे नकलेसाठी पाठवावीत. मूळ कागद जसेच्या तसे, टपालखर्च आमच्या माथी घेऊन, परत केले जातील.