मुकादमाचं बोट



मी मॅट्रिक पास. धंदा हमाली. मालवण किनाऱ्यावरच्या एका जेटीवर मी मासळीचे क्रेट उतरवतो, बर्फाच्या लाद्या चढवतो, आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. पहाटे ट्रॉलर लागले की आम्ही पंचवीस-तीस जण घोळका करून उभे राहतो. मुकादम येतो. बोट फिरवतो. "तू ये. तू ये. तू रव. तू फाल्यां ये." संपलं. कुणाच्या घरी आज चूल पेटणार ते ठरलं.

का ठरलं ते विचारायचं नाही. विचारलंच तर उत्तर तयार : "ह्येच्या अंगात जोर नाय." परवा ज्याला 'रव' म्हटलं तो आमच्यातला सगळ्यात तगडा गडी. त्याचा गुन्हा एवढाच, की आदल्या आठवड्यात त्याने मजुरीचा हिशोब मागितला होता.

हे बोट मी रोज बघतो. म्हणून हा लेख.

माझी चुलत बहीण पीएचडी करते. आमच्या वाडीतली पहिली. गेल्या मे महिन्यात घरी आली तेव्हा मी विचारलं, "ताई, तुझो विषय काय गो?" ती म्हणाली, "संशोधनाला पैसे कोणाला द्यायचे हे कसं ठरवतात, आणि ते ठरवणं सुधारायचं कसं." मला हसूच आलं. म्हटलं, "ह्याच्यात शोधूचा काय? सकाळी पाचाक जेटीवर ये, दाखवतंय."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी खरंच पाच वाजता आली. मुकादमाचं सगळं बघितलं, वहीत लिहून घेतलं, आणि मग बंधाऱ्यावर बसून तिने मला जे सांगितलं ते ऐकून माझ्या डोक्यात जाळ झाला.

आधी तिचीच गोष्ट. एका मोठ्या शहरातल्या एका ट्रस्टकडे तिने शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. मुलाखतीला तिघे जण. पहिला प्रश्न विषयावर. दुसरा प्रश्न, "गाव कुठलं?" तिसरा प्रश्न, "वाडी कुठली?" कोकणात वाडी विचारली म्हणजे काय विचारलं, हे तुम्हाला सांगायला नको. जात विचारायची हिंमत नाही, म्हणून वाडी विचारायची. पुढचे प्रश्न आपोआप आटपले. महिन्याने पत्र आलं, 'निवड होऊ शकली नाही.' गुण नाहीत, कारण नाही, सही वाचता येत नाही.

पांढरपेशे लगेच म्हणतील, पोरीची तक्रार आहे, तिचा विषयच कच्चा असेल. ठीक आहे. मग गोऱ्यांच्या देशातलं ऐका, तुमचा विश्वास तिथेच बसतो.

स्वीडनमध्ये क्रिस्टीन वेन्नेरोस आणि आग्नेस वोल्ड नावाच्या दोन शास्त्रज्ञ बायांना शंका आली, की तिथली वैद्यकीय संशोधन परिषद बायांना डावलते. त्यांनी परीक्षकांनी दिलेले गुण मागितले. परिषद देईना. कोर्टाने सांगितलं, हे सरकारी कागद आहेत, द्यावे लागतील. मग हिशोब मांडला आणि १९९७ साली 'नेचर'मध्ये छापला : पुरुषाइतकेच गुण पडायला बाईला त्याच्या अडीचपट काम दाखवावं लागत होतं. अमेरिकेत २०११ साली 'सायन्स'मध्ये दुसरा हिशोब आला. सरकारी आरोग्य संशोधनाच्या पैशासाठी अर्ज करणाऱ्यांत काळ्या शास्त्रज्ञांना पैसा मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा शंभरात दहाने कमी. शिक्षण, छापलेले लेख, सगळं जमेला धरूनही कमी.

आणि त्याच्याही आधी, १९८१ साली, स्टीफन कोल, जोनाथन कोल आणि गॅरी सायमन यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे आलेले दीडशे प्रस्ताव नव्या परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतले. निघालं काय? प्रस्तावाचं भवितव्य निम्मं प्रस्तावाच्या दमावर, आणि निम्मं कोणता परीक्षक वाट्याला आला त्या नशिबावर. म्हणजे सोडत आधीपासून चालूच आहे. फक्त चिठ्ठ्या बंद खोलीत काढायच्या आणि बाहेर येऊन 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून ओरडायचं.

आता आपल्या घरात या.

पुण्याची बार्टी. बाबासाहेबांच्या नावाची संस्था. २०२१च्या फेलोशिपसाठी आपली ८६१ पोरं उभी होती आणि जागा २००. म्हणजे कुणाचा विषय काय, कुणाची मेहनत किती, हे एकाही माणसाने वाचायच्या आधी ६६१ जणांना 'रव' म्हणून झालं होतं. हा २००चा आकडा कुठल्या तज्ज्ञाने काढला? कुठल्या शास्त्रात बसतो? तिजोरीवर बसलेल्या मुकादमाचं ते बोट आहे. पोरं २०२३ साली आझाद मैदानात उन्हात बसली, आठवडेच्या आठवडे बसली, तेव्हा सरकार जागचं हललं.

पुढच्या तुकडीला चाळणी लावली. बार्टी, सारथी, महाज्योती, तिघांची मिळून परीक्षा. २४ डिसेंबर २०२३. पोरांनी पेपर उघडला तर २०१९च्या सेटचा जुना पेपर जसाच्या तसा! ज्यांच्या गुणवत्तेची चाळणी करायची त्यांच्यासाठी नवे प्रश्न काढायची मेहनतसुद्धा करवली नाही. १० जानेवारी २०२४ला फेरपरीक्षा. तिथे पेपरला सील नाही म्हणून पोरांनी बहिष्कार टाकला. हे लोक आपली लायकी तपासणार!

त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार सारथीच्या फेलोशिपवर बोलताना म्हणाले, पीएचडी करून काय दिवे लावणार? नंतर दिलगिरी आली. पण तोंडातून निघालं ते निघालं. तो प्रश्न मराठा पोरांनाही लागू होता, कुणब्याच्या पोरांनाही, आपल्यालाही. मुकादमाला गरीब सगळे सारखेच.

दिवे विचारता ना? ऐका. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका महार सुभेदाराच्या पोराला महिना साडेअकरा पौंड दिले. तीन वर्षांसाठी, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. ९ मे १९१६ला त्या पोराने तिथे भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्या साडेअकरा पौंडांचा दिवा बघायचा असेल तर राज्यघटनेचं १७वं कलम उघडा.

पण एका राजाच्या मर्जीवर सगळं सोडायचं का? तोही एक मुकादमच, भला निघाला एवढंच. आमच्या पिढीला भला राजा नको, नियम पाहिजे.

आणि नियम कसे करतात तेही बघा. अनुसूचित जातीच्या पोरांना परदेशी पाठवायची केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्यात कलम घातलं : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज यांवरच्या विषयांना पैसे मिळणार नाहीत. म्हणजे कोलंबियाला तो जातीवरचा निबंध लिहायला निघालेला भीमराव २०२२च्या खिडकीवर आला असता तर कारकुनाने अर्ज परत केला असता. पोरांनो, परदेशात जा, पण आपल्या घराचं भांडं बाहेर फोडू नका! २०२५ साली आणखी पुढची पायरी. निवड झालेले १०६. त्यांतल्या ४०च जणांना पहिल्यांदा पत्र, बाकीच्यांना 'निधी असेल तर'. निवडून आलेल्यालाही मुकादम म्हणतो, फाल्यां ये.

मग करायचं काय? माझा आजा मुंबई गोदीत होता. तो सांगायचा. त्याच्या बापाच्या काळात गोदीच्या गेटवर टोळीवाला आणि सारंग माणसं उचलत. ज्याने हात ओले केले तो आत, बाकीचे उपाशी. गोदी कामगार लढले, युनियन उभी केली, पी. डिमेलोंसारखे पुढारी तुरुंगात गेले. जगजीवनराम कामगारमंत्री असताना १९४८ला कायदा झाला, १९५१ला मुंबईची योजना आली. कामगाराची नोंद झाली. पाळी लागली. ज्याचा नंबर त्याला काम. हजर राहूनही काम नसेल त्या दिवशी हजेरीचा भत्ता. जे नोंदीबाहेर राहिले त्यांचे हाल संपले नाहीत, ते विसरायचं नाही. पण नोंद झालेल्या माणसावरून टोळीवाल्याचं बोट उठलं. कामगार 'लायक' झाला म्हणून उठलं नाही. लायक तो आधीही होता. निवडायचा अधिकारच मुकादमाच्या हातून काढला म्हणून उठलं.

ताई म्हणाली, जग आता हेच करायला लागलंय. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून काही अनुदानं अशी ठेवली, की प्रस्ताव पात्र आहे का एवढंच तपासायचं आणि पात्र ठरलेल्यांची सरळ चिठ्ठी काढायची. ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून लहान अनुदानांना तीच रीत धरली. तिथल्या पंडितांनी मान्य केलं, की जवळपास सारख्या प्रस्तावांतला फरक आम्हाला कळत नाही. आमचे पंडित मात्र वाडीवरून फरक ओळखतात.

'मग गुणवत्तेचं काय?' म्हणून गळा काढतील. काढू दे. पात्रता तपासा, कडक तपासा. नाव, आडनाव, गाव झाकून तपासा. पण पात्र ठरलेल्या दोघांत एकाला वर आणि एकाला खाली टाकायचं तुमच्याजवळ कारण नसेल, तर आपल्या वासाला आणि आवडीला गुणवत्ता म्हणू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा दोस्तहो. चिठ्ठी मुकादमापेक्षा बरी, पण चिठ्ठीने पोट भरत नाही. ८६१ पात्र आणि २०० चिठ्ठ्या, हीसुद्धा उपासमारच. फक्त प्रामाणिक उपासमार. उद्या सरकार चिठ्ठीचा डबा पुढे करून म्हणेल, बघा, आता अन्याय नाही. तेव्हा डब्याकडे बघू नका, आकड्याकडे बघा. आकडा कुणी ठरवला? कुठल्या बैठकीत? कुणाच्या सहीने? खरा निर्णय तिथे होतो.

म्हणून मागण्या सरळ आहेत. पात्र तेवढ्या सगळ्यांना फेलोशिप, आणि तीही दर महिन्याला वेळेवर. गुण आणि कारण अर्जदाराच्या हातात. वाडी विचारणारी मुलाखत बंद. विषयावर बंदी घालणारं प्रत्येक कलम रद्द. आणि निवड समितीवर कोण बसतं त्याची यादी भिंतीवर लावलेली.

कविता लिहून हे होणार नाही. मी लिहितो, मला माहीत आहे. स्वीडनच्या त्या दोन बायांनी आधी कागद मागितले. आपल्याकडे २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. अर्ज साधा, फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. ज्याची ज्याची निवड 'होऊ शकली नाही' त्याने आपले गुण मागावेत. एकाने मागितले तर दाबतील. दोनशे जणांनी एका आठवड्यात मागितले तर त्यांनाच उत्तर शोधायला मैदानात यावं लागेल.

ताईच्या अर्जाचं काय? तो ट्रस्ट खाजगी आहे, तिथे हा कायदा पोचत नाही असं तिला सांगण्यात आलं. म्हणून तिने साधं पत्र लिहिलं : 'तिसरा प्रश्न कोणत्या निकषात बसतो, कळवावे.' पत्र रजिस्टरने गेलं. पोचपावती आली. उत्तर अजून नाही.

परवा पहाटे मुकादमाने पुन्हा त्या तगड्या गड्याला म्हटलं, "तू रव." या वेळी तो एकटा राहिला नाही. आम्ही नऊ जण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. म्हटलं, "आधी वही आण. नावां लिव. मगे पाळयेन हाक मार." मासळी उन्हात. बर्फ वितळायला लागलेला. ट्रॉलरचा मालक वरून शिव्या घालतोय.

मुकादमाने वही आणली.

जय भीम.