विंडोज १० चा आधार संपला. आता लिनक्ससाठी लॅपटॉप निवडताना काय पाहायचं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारी जादा मुदत जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची.

भंडाऱ्यातल्या ग्राहकाचा यात काय संबंध?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कंपन्यांनी वापरून काढलेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप सेकंड हँड बाजारात स्वस्त मिळतात, ते याच अटीत अडकतात. दुकानदार "विंडोज ११ टाकून देतो" म्हणाला, तरी अशा मशीनवर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पिढी ओळखणं सोपं आहे. आय५-७३००यू मधला पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. आय५-८२५०यू म्हणजे आठवी.

अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत टाकता येतं आणि अपडेटही मिळत राहतात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर अभ्यास, ऑनलाइन अर्ज आणि युनिकोड मराठी टायपिंग व्यवस्थित होतं.

ब्रँड पाहायचा की आतले भाग?

आतले भाग. एकाच कंपनीचं एक मॉडेल लिनक्सवर सुरळीत चालतं आणि दुसऱ्याचा वाय-फाय लागत नाही. कारण ड्रायव्हर. चिप बनवणाऱ्याने तो खुला दिला असेल, तर तो लिनक्ससोबतच येतो.

• वाय-फाय: इंटेलची चिप सहसा लगेच चालते. ब्रॉडकॉम आणि काही रियलटेक चिपना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तोवर मोबाइल यूएसबी केबलने जोडून इंटरनेट घेता येतं.
• ग्राफिक्स: इंटेल किंवा एएमडी असेल तर त्रास कमी. एनव्हिडियासाठी बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर लागतो.
• फिंगरप्रिंट: अनेक मॉडेलमध्ये चालत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.
• प्रोसेसर: स्नॅपड्रॅगनवाले नवे लॅपटॉप लिनक्ससाठी सध्या टाळलेले बरे.

नवाच लॅपटॉप घ्यायचा असेल, तर उबुंटूच्या संकेतस्थळावर तपासून प्रमाणित केलेल्या मॉडेलची यादी आहे. ती आधी पाहा.

पैसे देण्याआधी काय करायचं?

८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार करून सोबत न्या. लॅपटॉप त्यावरून सुरू केला की काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं. दहा मिनिटांत वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि ब्लूटूथ तपासा. झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, तेही पाहा. तुमसर किंवा साकोलीहून नागपूरला खरेदीला गेला असाल, तर ही दहा मिनिटं परतीची फेरी वाचवतील. दुकानदार पेन ड्राइव्ह लावू देत नसेल, तर दुसरं दुकान गाठा.

लिनक्स कुणी घेऊ नये?

टॅली हे विंडोजसाठी बनलेलं सॉफ्टवेअर आहे. श्रीलिपीवर चालणारं डीटीपीचं काम, मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइल आणि काही डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर अडतात. पोट याच कामावर असेल, तर आठव्या पिढीपुढचा लॅपटॉप घेऊन विंडोज ११ च ठेवा.

बाकीच्यांनी आधी घरातला जुना लॅपटॉप त्याच पेन ड्राइव्हवर सुरू करून पाहावा. तो नीट चालला, तर खरेदीची गरजच नाही. मात्र लिनक्स कायमचं टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.